‘लॉस्ट यू फॉरएव्हर’ : श्याओयाओने निवड बरोबर केली का?

निशिगंध

ज्यांना ही चिनी मालिका पाहायची आहे आणि शेवट आधी कळलेला चालत नाही, त्यांनी इथूनच मागे फिरावे, कारण मला शेवटाबद्दलच बोलायचे आहे.

तोंग हुआ या लेखिकेच्या कादंबरीवर आधारित या मालिकेचे पहिले पर्व जुलै २०२३ मध्ये आले आणि दुसरे जुलै २०२४ मध्ये. हाओलिंग राज्याची राजकन्या श्याओयाओ लहान असताना तिची आई तिला युशान पर्वतावर सोडून युद्धावर जाते आणि परत येत नाही. मुलगी तिथून पळते, रानोमाळ भटकते, नऊ शेपट्यांच्या एका कोल्ह्याच्या पिंजऱ्यात कितीतरी वर्षे अडकून पडते, आणि शेवटी स्वतःचा खरा चेहराही हरवून छिंगश्वेई नावाच्या गावात पुरुषवेषात वैद्यकी करू लागते. तिथे तिच्या आयुष्यात तिघे जण येतात. पहिला थूशान जिंग. सावत्र भावाने छळून टाकून दिलेला हा श्रीमंत घराण्यातला तरुण तिच्या औषधपाण्याने बरा होतो. दुसरा त्सांगश्वेन, तो तिचा लहानपणी ताटातूट झालेला मामेभाऊ असून पुढे सम्राट होतो. तिसरा श्यांगल्यू, हा पांढऱ्या केसांचा, नऊ शिरांचा राक्षस एका हरलेल्या राज्याच्या उरल्यासुरल्या सैन्याचा सेनापती आहे.

श्याओयाओ जिंगशी लग्न करते आणि श्यांगल्यू एका बेटावर एकटा बाणांच्या वर्षावात मरतो.

विचार केला की मला तिची निवड पटते. जिंग शांत आहे, तिचे ऐकून घेतो आणि तिच्यासाठी घराण्याचे प्रमुखपद सोडायला तयार आहे. तरीही मालिका संपल्यापासून माझ्या मनातून श्यांगल्यूच हलत नाही, आणि जिंग पडद्यावर आला की मला त्याचा विनाकारण राग येतो. मालिका करणाऱ्यांनी सगळे सुंदर प्रसंग श्यांगल्यूला दिले आणि नायिका मात्र जिंगला दिली. हे कौशल्य मानावे की प्रेक्षकांची फसवणूक? आणि मुळात तिने निवड बरोबर केली का?

तटस्थ

तिने निवड बरोबरच केली, आणि तसे म्हणायला जिंगचे गुण मोजत बसण्याची गरज नाही. तिची आई काय करून गेली ते आठवा. आई सेनापती होती, राज्यासाठी लढायला गेली आणि मुलीला मागे ठेवून गेली. जगाच्या दृष्टीने ती वीरांगना ठरली. त्या मुलीच्या दृष्टीने ती परत न आलेली आई होती. श्याओयाओने पुढच्या सगळ्या आयुष्यात माणसांकडून एकच गोष्ट मागितली आहे, ती म्हणजे कोणत्याही कारणासाठी, कितीही मोठ्या कर्तव्यासाठी, मला सोडून जाऊ नका.

आता श्यांगल्यूकडे पाहा. त्याचे तिच्यावर प्रेम आहे, परंतु त्याचा शब्द ज्याच्या बाजूने तो लढतो त्या होंग ज्यांगला आणि छनरोंग या हरलेल्या राज्याच्या सैनिकांना दिलेला आहे. म्हणजे आईने जे केले तेच तोही करणार हे तिला पहिल्या दिवसापासून दिसते आहे. ज्या जखमेवर ती उभे आयुष्य फुंकर घालत आली, तीच जखम दुसऱ्यांदा करून घेण्यासाठी तिने त्याच्याकडे जावे, अशी अपेक्षा आपण प्रेक्षकांनी का करावी?

हुरहूर

नऊ शिरांच्या नवऱ्याला सर्दी झाली तर घरात किती रुमाल लागतील, याचा विचार तिने केला असावा. वैद्य होती शेवटी.

जुनाट_वाचक

या मालिकेचे मूळ ठाऊक असेल तर निशिगंध यांच्या प्रश्नाचा रंग थोडा बदलतो, म्हणून लिहितो.

श्यांगल्यू हे पात्र लेखिकेने शून्यातून निर्माण केलेले नाही. ‘शान हाय जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात पर्वत, समुद्र, देवता आणि विचित्र प्राणी यांची वर्णने आहेत. त्यात श्यांगल्यू हा गोंगगोंग या जलदेवतेचा मंत्री असून त्याला नऊ मानवी मुखे आणि सर्पाचे शरीर आहे. तो नऊ डोंगरांवरचे अन्न एकाच वेळी खातो आणि जिथे स्पर्श करतो तिथे दलदल होते. महापुरावर नियंत्रण मिळवणारा यू त्याला ठार करतो, तेव्हा त्याचे रक्त सांडलेल्या जमिनीत धान्य उगवेनासे होते. मालिकेतल्या त्याच्या विषारी रक्ताचे मूळ इथे सापडते.

गोंगगोंग आणि सम्राट झ्वानश्यू यांचे वैर तर चिनी पुराणांतले फार प्रसिद्ध वैर आहे. ‘ह्वायनानझी’ या ग्रंथात गोंगगोंग पराभवाच्या संतापात बूझोऊ पर्वताला धडक देतो, आकाशाचा खांब मोडतो आणि आकाश वायव्येला कलते, अशी कथा येते. कादंबरीत झ्वानश्यू हाच श्याओयाओचा मामेभाऊ आहे आणि गोंगगोंग याच्याच बाजूने श्यांगल्यू लढतो. मालिकेत ही नावे बदलून त्सांगश्वेन आणि होंग ज्यांग केली आहेत. श्यांगल्यूचे नाव मात्र तसेच ठेवले आहे.

दोन हजारांहून अधिक वर्षे जो केवळ ओंगळ, विषारी, नष्ट करण्याजोगा राक्षस म्हणून सांगितला गेला, त्याला लेखिकेने मन दिले, निष्ठा दिली आणि विनोदबुद्धीही दिली. त्याचा अंत मात्र तिने बदलला नाही. चिनी वाचकाला नाव ऐकताक्षणीच कळते की हा हरणाऱ्या बाजूचा आहे. त्यामुळे मला यात फसवणूक दिसत नाही.

कोकणकडा

जुनाट_वाचक, फार उपयुक्त माहिती दिलीत. हे वाचताना मला सारखा कर्ण आठवत होता. बाजू हरणार हे ठाऊक आहे, समोरच्या पक्षाकडून बोलावणे आले आहे, तरी ज्याने पडत्या काळात हात दिला त्याला सोडायचे नाही. त्सांगश्वेन श्यांगल्यूला आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न करतो तो प्रसंग पाहताना तर मला उद्योगपर्वातली कृष्ण-कर्ण भेटच डोळ्यांपुढे आली. मराठी प्रेक्षकाला श्यांगल्यू इतका लवकर आपलासा वाटतो, त्याचे कारण आपण कर्णावर पिढ्यान्‌पिढ्या रडत आलो आहोत, हे असावे.

अर्धविराम

साम्य आहे, पण ते फार ताणू नये असे मला वाटते. कर्णाला मान हवा होता. जन्मभर नाकारला गेलेला मान दुर्योधनाने दिला, आणि त्या मानाची परतफेड हाच त्याच्या निष्ठेचा गाभा आहे. भर सभेत द्रौपदीला बोललेले शब्दही त्याच दुखावलेल्या मानातून आलेले आहेत. श्यांगल्यूला मान नको आहे. तो गुलामांच्या झुंजीच्या आखाड्यात वाढला, तिथून जखमी होऊन निसटला, आणि ज्यांनी त्याला माणसासारखे वागवले त्यांच्यासाठी मरायला तो तयार झाला. आपल्याबद्दल कोण काय म्हणते, याची त्याला काडीइतकीही पर्वा नाही. उलट लोकांनी आपल्याला राक्षसच समजावे अशी तो व्यवस्था करतो.

आणखी एक पाहा. फांगफंग बेई या उनाड सरदारपुत्राच्या रूपात तो वावरतो, तेही एका मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी. खरा बेई मरताना आपल्या आईची काळजी घ्यायला सांगतो आणि हा राक्षस वर्षानुवर्षे त्या आईचा मुलगा होऊन राहतो. कर्णाची निष्ठा सभेत जाहीर झालेली आहे. याची निष्ठा कोणालाच ठाऊक नाही.

उंबरठा

सगळे श्यांगल्यू आणि जिंग यांच्यावरच बोलत आहेत, म्हणून मी सम्राटाची बाजू घेते. त्सांगश्वेन आणि श्याओयाओ यांचे बालपण एकाच दुःखाने संपते. त्याचे वडील युद्धात जातात आणि आई त्याच्या डोळ्यांदेखत जीव देते. तिची आई युद्धात जाते. ही दोन मुले एकमेकांना ज्या प्रकारे ओळखतात, त्या प्रकारे तिला जिंगही ओळखत नाही आणि श्यांगल्यूही नाही. त्सांगश्वेनला तिच्यावरचे आपले प्रेम उशिरा उमगते, आणि तोवर त्याने सिंहासनासाठी तिला दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची तयारीही केलेली असते. सत्ता मिळाल्यावर सगळे परत मिळवता येईल, असे त्याला वाटत राहते. मला या तिघांमध्ये सर्वांत मोठी शोकांतिका त्याची वाटते, कारण तो जिंकतो आणि जिवंत राहतो.

हुरहूर

उंबरठा, पण तो मामेभाऊ आहे! अर्थात आपल्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क सांगण्याची जुनी रीत आहेच, त्यामुळे आपण नाक मुरडण्यात अर्थ नाही. फक्त इथे मुलगी आत्याची आणि मुलगा मामाचा, म्हणजे आमच्या आजीच्या हिशेबात नाते उलटे पडले. तिने ही सोयरीक नाकारलीच असती.

उंबरठा

हुरहूर, आजींना कळवा की या दोघांची सामाईक आजी चिनी परंपरेतली लेईझू आहे, जिने रेशमाचे किडे पाळायला शिकवले असे मानतात. एवढ्या घराण्यापुढे आजी नरमतील. पैठणीचा विषय निघाला तर मुळीच बोलणार नाहीत.

पैलतीर

थोडे अवांतर वाटेल, पण मालिकेच्या रचनेशी संबंध आहे. पहिले पर्व ३९ भागांचे आणि दुसरे २३ भागांचे. चीनच्या प्रसारण नियामकाने २०२० मध्ये मालिका ४० भागांपेक्षा लांबवू नयेत असे सुचवले. त्याआधीच्या या प्रकारातल्या मालिकांची लांबी पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल : २०१७ ची ‘इटर्नल लव्ह’ ५८ भागांची होती आणि २०१८ ची ‘ॲशेस ऑफ लव्ह’ ६३ भागांची. ‘लॉस्ट यू फॉरएव्हर’ दोन पर्वांत विभागली गेली याचे एक कारण ही मर्यादा असावी, असा माझा तर्क आहे.

या विभागणीने निशिगंध यांच्या प्रश्नाला खतपाणी घातले आहे. छिंगश्वेई गावातले दिवस, धनुर्विद्येचे धडे, समुद्रातल्या रात्री, म्हणजे श्यांगल्यूचे जे जे लोभसवाणे आहे त्याचा मोठा भाग पहिल्या पर्वात आला. नंतर प्रेक्षक वर्षभर थांबले आणि त्या वर्षात त्यांनी मनातल्या मनात तिचे लग्न श्यांगल्यूशी लावून टाकले. दुसऱ्या पर्वात दरबार, सोयरिकी आणि युद्ध यांचीच गर्दी आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. ही मालिका ज्या वीटीव्ही या ॲपवर मुख्यतः दिसते, ते भारत सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातलेल्या ४३ ॲपांच्या यादीत होते. त्यामुळे तिकडे शोधण्यात वेळ घालवू नये. मी परदेशात असल्याने मला अडचण आली नाही.

चकवाचांदण

मला कोणीतरी जिंगच्या बाजूने पटेल असा युक्तिवाद करून दाखवावा. तटस्थ यांचा आईबद्दलचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यातून फक्त श्यांगल्यू का नाही एवढेच सिद्ध होते. जिंग का, हे त्यातून कळत नाही.

या गृहस्थाची सोयरीक आधीच ठरलेली आहे. ती मोडायला तो किती काळ घेतो? आजी आजारी पडली म्हणून थांबला, घराण्यासाठी थांबला, मग वाग्दत्त वधूने औषध घालून त्याला फसवले आणि तिच्या पोटातले मूल आपले आहे असे समजून पुन्हा थांबला. ज्या भावाने त्याचा अमानुष छळ केला त्याच्याविरुद्धही तो वेळेवर काही करत नाही. तो फार चांगला आहे, हे मला मान्य आहे. पण त्याच्या चांगुलपणाची किंमत प्रत्येक वेळी श्याओयाओने मोजली आहे. तिला सोडून न जाणारा माणूस हवा होता म्हणता, आणि जिंग तर मध्यंतरी सरळ दुसऱ्या बाईच्या घरात अडकून पडला होता.

तटस्थ

आपला आक्षेप रास्त आहे. जिंग कणाहीन वाटतो, हे मीही नाकारत नाही. मात्र एक फरक सांगतो. जिंग जिथे जिथे कमी पडतो तिथे तो तिला खरे सांगतो. औषध घालून फसवले गेल्याचे, मूल आपले असावे असे वाटत असल्याचे, सगळे सांगतो आणि तिचा निर्णय सोसतो. त्यामुळे ती रागावू शकते, दूर जाऊ शकते, दुसऱ्या कोणाशी लग्न ठरवू शकते, आणि तिने हे सगळे केलेही.

श्यांगल्यूने मात्र तिला तशी संधी कधीच दिली नाही. हल्ल्यात जवळजवळ मेलेल्या श्याओयाओला त्याने समुद्राच्या तळाशी एका प्रचंड शिंपल्यात ३७ वर्षे आपले रक्त देऊन जगवले, आणि ती शुद्धीवर आल्यावर जणू सौदा झाल्यासारखे बोलला. दोघांच्या काळजांना जोडणारा तो मंत्रभारित किडा त्याने काढून टाकला, पण त्यासाठी स्वतःचे काय पणाला लावले ते सांगितले नाही. तिच्या आरशात जपलेल्या त्याच्या छबी त्याने पुसल्या. जिंगला मरणातून वाचवले तेही त्यानेच, आणि तेही लपवले. आपण तिची निवड बरोबर की चूक असे विचारतो आहोत, परंतु दोन पर्याय तिच्यापुढे कधी ठेवलेच गेले नाहीत. एकच ठेवला गेला. दुसरा फक्त आपल्याला दिसत होता.

निशिगंध

तटस्थ, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. जिंगचा राग का येतो ते आता थोडे समजते आहे. तिला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, आणि ती मजेत जेवते, हसते, जिंगबरोबर फिरते, तेव्हा मला तिचाच राग यायला हवा होता. पण नायिकेवर रागावणे जड जाते, म्हणून तो बिचाऱ्या जिंगवर निघतो.

आता त्या हसऱ्या बाहुल्याचा विषय काढतेच. तिच्या लग्नासाठी श्यांगल्यू आपले नाव न सांगता एक बाहुला पोचवतो. बाहुल्याच्या पोटात स्फटिकाचा गोल, आत जलकन्या, आणि त्यावर कोरलेली इच्छा : स्वतःचे रक्षण करण्याची ताकद, सोबतीला माणूस, जायला ठिकाण, आणि निश्चिंत आयुष्य. त्याने आधीच्या सगळ्या काळात तिच्यासाठी नेमके हेच केले होते. धनुर्विद्या शिकवली, ती ताकद. जिंगला वाचवले, ते सोबतीचे माणूस. कादंबरीत हे शब्द तिच्या नजरेला पडतच नाहीत. तिथे मी पुस्तक बाजूला ठेवले.

अर्धविराम

तटस्थ यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. श्याओयाओला काहीच ठाऊक नव्हते, हे मला पटत नाही. ती मूर्ख नाही. त्या तिघांच्या मनातले सर्वांत आधी ओळखणारी तीच आहे. तो किडा कोणत्याही दोन जिवांना जोडत नाही, प्रेम असलेल्यांनाच जोडतो, हे तिला ठाऊक आहे; विषे आणि औषधे हाच तर तिचा व्यवसाय. मला असे दिसते की तिला कळले होते आणि तिने ते स्वतःला कळू दिले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि उत्तर मिळाले असते तर पुढे एक तर सगळे सोडून त्याच्या हरलेल्या युद्धात उतरावे लागले असते, किंवा त्याला मरताना पाहायला किनाऱ्यावर उभे राहावे लागले असते. त्या दोघांनी मिळून न बोलण्याचा करार केला होता, असे मी मानते, आणि म्हणून सगळा दोष मी श्यांगल्यूच्या माथी मारणार नाही.

श्याओयाओची भूमिका करणाऱ्या यांग झीचा अभिनय इथे पाहण्यासारखा आहे. फांगफंग बेईबरोबर असताना ती जी थट्टामस्करी करते, ती खुशीपेक्षा सावधपणाची अधिक वाटते. एखादा विषय जवळ आला की ती लगेच खायचे काहीतरी मागते.

चकवाचांदण

अभिनयाचा विषय निघालाच आहे तर तान जिआनत्सीबद्दल लिहायला हवे. हा नट आधी एम.आय.सी. या गाणाऱ्या-नाचणाऱ्या गटात होता, आणि शरीरावरचा तो ताबा श्यांगल्यूच्या चालण्यात, वळण्यात, नुसते उभे राहण्यातही दिसतो. पांढऱ्या केसांचा टोप आणि मुखवटा घालून बहुतेक नट बाहुले दिसतात. याने बेई आणि श्यांगल्यू यांच्या मानेचा कलसुद्धा वेगळा ठेवला आहे. समोर असा नट असताना जिंगची भूमिका करणाऱ्या डंग वेईने काय करावे? त्याच्या वाट्याला बहुतेक वेळ डोळ्यांत पाणी आणून उभे राहणेच आले.

कोकणकडा

या प्रकारातल्या बाकीच्या मालिका पाहिलेल्यांना विचारतो : मला ही मालिका इतरांपेक्षा जास्त लागली, ती का असावी? ‘इटर्नल लव्ह’ पाहतानाही डोळे ओले झाले होते, परंतु दुसऱ्या दिवशी मी ठीक होतो.

जुनाट_वाचक

कारण तिथे मेलेले परत येतात. श्यानशिया, म्हणजे देव, अमर जीव आणि जादू यांच्या चिनी कथा, या प्रकाराची ती जवळजवळ अटच आहे. देवांचे आयुष्य हजारो वर्षांचे असते, मर्त्यलोकात जन्म घेऊन दुःख भोगणे ही त्यांची परीक्षा असते, स्मृती जाते आणि परत येते, आत्म्याचे तुकडे गोळा करून माणूस उभा करता येतो. ‘इटर्नल लव्ह’मध्ये नायक ये हुआ मरतो आणि शेवटी परततो. ‘ॲशेस ऑफ लव्ह’मध्ये नायिका आपल्याच हाताने नायकाला मारते, तोही परततो. २०२२ च्या ‘लव्ह बिटवीन फेअरी अँड डेव्हिल’चा नायकही शेवटी येऊन उभा राहतो. प्रेक्षक मरणाचे प्रसंग पाहून रडतो, पण मनाच्या तळाशी त्याला परतीची खात्री असते.

‘लॉस्ट यू फॉरएव्हर’ वरवर तशीच दिसते : तेच रेशमी अंगरखे, तीच जादू, तसेच दीर्घायुषी जीव. म्हणून आपण त्याच खात्रीने पाहतो. पण ही कथा पुराणकाळातली असली तरी तिचे नियम आपल्या जगाचे आहेत. इथे पुनर्जन्म नाही, दुसरी संधी नाही. श्यांगल्यूला नऊ शिरे आणि म्हणून जास्तीचे जीव आहेत, हे आधी सांगून ठेवल्यामुळे आपली आशा आणखी वाढते. आणि ते सगळे जीव खर्च होताना आपण पाहतो.

याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीवर २०११ मध्ये एक मालिका आली होती आणि तिचीच कोरियन आवृत्ती २०१६ ची ‘मून लव्हर्स’. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या बाईंकडून गोड शेवटाची अपेक्षा ठेवण्याचे कारण नव्हते.

हुरहूर

‘मून लव्हर्स’ही यांचीच! मग माझी तक्रार मागे घेण्याऐवजी मी जुनी तक्रारही नव्याने नोंदवते.

पैलतीर

जुनाट_वाचक यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. ‘ॲशेस ऑफ लव्ह’ची नायिकाही यांग झीच होती आणि तिथे प्रेमाची जाणीव होऊ न देणारी गोळी तिला जन्मतःच दिलेली होती. त्या मालिकेत ती गोळी बाहेर पडते आणि नायिका हंबरडा फोडते, तो प्रसंग आजही लोक काढून काढून पाहतात. इथे तशी कोणतीही गोळी नाही, आणि अर्धविराम म्हणतात त्याप्रमाणे नायिका ते काम स्वतःच करते. तीच नटी दोन्हीकडे पाहिल्यावर हा फरक फार जाणवला.

उंबरठा

तरीही मूळ प्रश्नावर माझे मत नोंदवते, कारण निशिगंध यांनी ते मागितले होते. निवड बरोबर आहे, पण कोणी कितीही सांगितले तरी जिंग हा तिचा जोडीदार कमी आणि विसाव्याची जागा जास्त वाटतो. ज्या बाईने तितके सोसले आहे तिने विसाव्याची जागा निवडली, यात कमीपणा काही नाही. आपल्याला पडद्यावर वादळ आवडते, कारण पाहून झाल्यावर आपल्याला आपल्या कोरड्या घरात परतायचे असते. तिला त्या वादळातच राहावे लागले असते.

चकवाचांदण

उंबरठा, विसाव्याची जागा मान्य. पण विसाव्याच्या जागेने निदान आपल्या वाग्दत्त वधूचा प्रश्न वेळेत सोडवावा, एवढी अपेक्षा मी ठेवीन.

निशिगंध

सर्वांचे आभार. अर्धविराम आणि तटस्थ यांच्यात मी अजून डोलते आहे. तिला ठाऊक नव्हते असे मानले तर शेवट असह्य होतो आणि ठाऊक होते असे मानले तर ती जास्त मोठी वाटते, पण जिंगवर थोडा अन्याय होतो. आता धनुर्विद्येचे सगळे प्रसंग पुन्हा पाहणार आहे आणि अर्धविराम म्हणतात तसे ती विषय टाळते का, याकडे लक्ष ठेवणार आहे.

अर्धविराम

जरूर पाहा, आणि पाहताना तिच्यापेक्षा त्याच्याकडे लक्ष ठेवा. ती विषय बदलते तेव्हा तो तिला बदलू देतो का, ते सांगा. माझ्या मते प्रत्येक वेळी बदलू देतो.

तटस्थ

बदलू देतो, हाच तर माझा आक्षेप आहे. दोघेही पुन्हा पाहून या, मग बोलू.